गॅरेजमधलं बायप्लेन: पुरं करू की विकून तयार घेऊ?

डेटनचा_भाऊ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहितोय कारण घरात आता या विषयावर बोलायला बंदी आहे.

ओहायोत डेटनजवळ राहतो. सहा वर्षांपूर्वी पिट्स एस-१सी या विमानाचे नकाशे घेतले. एका माणसाचं, एकावर एक असे दोन पंख असलेलं, आकाशात कोलांट्या मारायचं विमान. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १७ फूट ४ इंच, लांबी साडेपंधरा फूट, म्हणजे दोन गाड्यांच्या गॅरेजात आरामात बसतं, आणि याच एका वाक्यावर मी फसलो. बसतं हो, पण मग गाड्या बसत नाहीत.

आजची स्थिती: बॉडीचा सांगाडा वेल्ड करून झालाय, ४१३० क्रोम-मॉली स्टीलच्या नळ्यांचा. शेपटीचे भाग झालेत. पंखांच्या रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) सगळ्या झाल्या, भिंतीवर खिळ्यांना टांगल्यात, वाळत घातलेल्या बोंबलांसारख्या दिसतात. स्पारची (पंखाच्या मुख्य लांब दांड्यांची) स्प्रूसची लाकडं सोफ्यामागे आहेत कारण गॅरेज दमट. इंजिन नाही, कापड नाही, पंखांच्या वायरी नाहीत, कॉकपिटमधली घड्याळं नाहीत.

आणि गेल्या महिन्यात एक उडतं पिट्स विकायला आलेलं पाहिलं. कुणीतरी असंच घरी बांधलेलं, जुनं पण नीट ठेवलेलं. मी आजवर घातलेले पैसे आणि पुढे इंजिनला लागणारे पैसे यांची बेरीज केली तर ते त्याच्यापेक्षा जास्त भरले. त्या दिवसापासून गॅरेजात गेलो की नुसता स्टुलावर बसून चहा पितो आणि परत येतो.

तर प्रश्न सरळ आहे. हा प्रोजेक्ट विकून टाकू आणि उडतं घेऊ, की नेटानं पुरा करू? मायनस-प्लस सगळं सांगा. लायसन्स आहे, शेपटीवर चाक असलेली विमानं चालवायची परवानगी पण आहे, त्यामुळे त्यावरून झोडू नका.

टवाळखोर

घर पहावं बांधून, लग्न पहावं करून, आणि ही दोन्ही झाल्यावर ज्याला अजून खाज आहे त्यानं विमान पहावं बांधून. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कांदेपोहे

फोटो कुठायत? फोटोशिवाय धागा म्हणजे रश्श्याशिवाय मिसळ.

निवांत_नेहा

भारी आहे हे! आम्ही व्हर्जिनियात राहतो, डलेस विमानतळाजवळच्या उड्वार-हेझी म्युझियममध्ये मुलांना घेऊन गेलो होतो, तिथे आत शिरल्या शिरल्या डोक्यावर एक लाल-पांढरं इटुकलं विमान चक्क उलटं टांगलंय. मुलगा म्हणाला आई यांनी चुकून उलटं लावलं. ते पिट्सच ना?

डेटनचा_भाऊ

तेच! 'लिटल स्टिंकर'. कर्टिस पिट्सनं बांधलेलं दुसरं विमान. पहिलं त्यानं १९४४ ला उडवलं, इंजिन अवघं ५५ हॉर्सपॉवरचं. हे दुसरं बेटी स्केल्टन नावाच्या मुलीनं १९४८ ला घेतलं आणि त्यावर १९४९ आणि ५० अशी सलग दोन वर्षं बायकांची कसरतींची स्पर्धा जिंकली. तेव्हा ती विशी-पंचविशीतली. तिच्यामुळे हे डिझाइन लोकांना माहीत झालं, मग साठच्या दशकात पिट्सनं नकाशे विकायला काढले आणि आमच्यासारख्यांची गॅरेजं बरबाद झाली.

सातारी_कंदी

बाळबोध प्रश्न विचारतो, हसू नका. आजच्या जमान्यात दोन पंख कशाला? ते तर पहिल्या महायुद्धातलं प्रकरण ना? एक पंख जास्त म्हणजे हवेचा अडथळा पण जास्त.

स्कायबोल्ट_नाना

सातारी, प्रश्न बाळबोध नाही, बरोबर जागेवर बोट ठेवलंत. अडथळा जास्तच असतो. पण कसरतीच्या विमानाला मुंबई-पुणे गाठायचं नसतं, त्याला जागच्या जागी गिरकी घ्यायची असते. तेवढंच वजन उचलायला दोन पंख असले की प्रत्येक पंख आखूड करता येतो, आणि आखूड पंख पटकन फिरतो. लांब काठी मधोमध धरून फिरवून बघा आणि मग लाटणं फिरवून बघा.

दुसरं म्हणजे मजबुती. वरचा पंख, खालचा पंख, मधे खांब आणि तिरक्या ताणलेल्या वायरी, मिळून एक पेटीच तयार होते. सुलट उडताना एका बाजूच्या वायरी ताण घेतात, त्यांना फ्लाइंग वायर म्हणतात. विमान उलटं झालं किंवा जमिनीवर उभं असलं की दुसऱ्या तिरक्या वायरी घेतात, त्या लँडिंग वायर. म्हणजे लाकूड आणि कापड असूनसुद्धा हलकं आणि दणकट. बाजेची सुतळी कशी सगळीकडून ताणलेली असते, त्यातला प्रकार.

माझी ओळख: टेक्सास, वय ६६, मी स्टीन स्कायबोल्ट हे बायप्लेन बांधलंय, अकरा वर्षं लागली, गेली पाच वर्षं उडवतोय. भाऊंच्या प्रश्नावर सविस्तर नंतर लिहितो, आत्ता बागेला पाणी घालायचंय.

टवाळखोर

अकरा वर्षं!!! भाऊ, विका.

अभ्यासू_बगळा

घरी विमान बांधणं हा काही अमेरिकन मक्ता नाही हे नोंदवतो. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर तळपदे

बोरिवली_स्लो

झालं. १४व्या प्रतिसादाच्या आत तळपदे आले, मी बायकोबरोबर पैज जिंकलो.

अभ्यासू_बगळा

वाक्य पुरं करू द्याल का? मी म्हणणार होतो की तळपद्यांनी विमान उडवल्याच्या कथेला तेव्हाचा भक्कम पुरावा कुणी दाखवलेला नाही, आणि ज्या वैमानिक शास्त्राचा दाखला देतात त्यावर बंगळूरच्या आयआयएस्सीतल्या लोकांनी १९७४ मध्ये अभ्यास करून ती विमानं उडूच शकत नाहीत असं लिहिलंय. त्यापेक्षा जेआरडी टाटांचं उदाहरण घ्या, १९३२ ला कराचीहून जुहूला त्यांनी बायप्लेन आणलं.

पुण्याची_ग्लायडरवाली

बगळेराव, तळपद्यांबद्दल अनुमोदन पण जेआरडींचं ते पस मॉथ होतं, त्याला एकच पंख, तोही डोक्यावर. तुमच्या मनात टायगर मॉथ असणार, ते बायप्लेन, आपल्या हवाई दलात वैमानिक त्याच्यावर शिकायचे.

अभ्यासू_बगळा

चूक मान्य. मॉथ मॉथमध्ये घोळ झाला.

बोरिवली_स्लो

आपल्याकडचं खरं उदाहरण कांदिवलीचंच आहे की, कॅप्टन अमोल यादव. सोसायटीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ ला बीकेसीत मेक इन इंडियात ठेवलं होतं, मी स्वतः रांगेत उभं राहून पाहिलंय. मग नोंदणीसाठी डीजीसीएकडे (विमानांचं सरकारी खातं) खेटे, ती २०१७ ला मिळाली. भाऊ, तुम्ही जमिनीवरच्या गॅरेजात आहात, तक्रार करू नका. आमच्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालायला सेक्रेटरीची सही लागते.

ओझरकर

मी नाशिकला ओझरच्या कारखान्यात ३४ वर्षं होतो, वेल्डिंग आणि शीट मेटल. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. विकायचं की ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा, मला दुसरंच विचारायचंय. ४१३० ची नळी किती जाड, आणि वेल्ड गॅसनं केलं की टिगनं (विजेच्या ठिणगीनं)? जोड थंड कसे केले? गॅरेजचं दार उघडं होतं का? ही नळी तापवून एकदम गार वाऱ्यात थंड झाली की जोडाच्या शेजारी काचेसारखी होते. दिसायला सुंदर दिसतो जोड, आणि एक दिवस केसाएवढी चीर पडते.

डेटनचा_भाऊ

काका, नमस्कार. बहुतेक नळ्या ०.०३५ इंच जाडीच्या. वेल्ड गॅसनं केलं. टिग शिकलो होतो पण एकेका सांध्यावर पाच-पाच, सहा-सहा नळ्या येतात आणि त्या बेचक्यात टिगची टॉर्च शिरेना. दार बंद ठेवायचो, पंखा बंद, ओहायोतल्या जानेवारीत हीटर पण बंद कारण तो फुंकर मारतो. नळीची टोकं आधी कानशीनं माशाच्या तोंडासारखी घासून दुसऱ्या नळीवर बसवायची, फटीतून उजेड दिसता कामा नये, मग टाके मारायचे, मग पूर्ण वेल्ड. एक सांधा जमवायला एक अख्खा शनिवार जायचा.

मोठा घोटाळा एकच झाला, आजपर्यंत कुणाला सांगितला नाही. शेपटीचा शेवटचा उभा खांब एका दमात एका बाजूनं वेल्ड केला. दुसऱ्या दिवशी दोरा लावून बघतो तर खांब मधल्या रेषेपासून तीन अष्टमांश इंच डावीकडे. पोटात गोळा आला. दोन दिवस त्या गॅरेजात गेलो नाही.

ओझरकर

मग सरळ कसा केलात? हातोडी मारली नाहीत ना?

डेटनचा_भाऊ

नाही काका. आमच्या इथे इएए म्हणून घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना आहे, त्यांचे टेक्निकल काउन्सेलर असतात, फुकट घरी येऊन काम बघतात. त्यातले एक ८१ वर्षांचे आजोबा आले, दोन मिनिटं बघितलं, काही बोलले नाहीत, टॉर्च मागितली. उजव्या बाजूला नळीवर रुपयाएवढा ठिपका लाल केला आणि तसाच थंड होऊ दिला. लोखंड थंड होताना आकसतं आणि आपल्याकडे ओढून घेतं. तीन वेळा केलं, दर वेळी थोडं थोडं. तिसऱ्या वेळी दोरा बरोबर मधोमध. मग म्हणाले कॉफी आहे का.

ओझरकर

उत्तम. ज्या बाजूला आणायचं ती बाजू तापवायची, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवत. तो माणूस जाणता आहे, त्याला सोडू नका. नळ्यांच्या आत तेल सोडलंत का?

डेटनचा_भाऊ

हो. बारीक भोक पाडून गरम जवसाचं तेल ओतायचं, सांगाडा सगळ्या बाजूंनी फिरवायचा म्हणजे आत गंज धरत नाही, उरलेलं निथळू द्यायचं आणि भोक बंद.

कांदेपोहे

जवस म्हणजे अळशी? ज्याची चटणी करतो ती???

टवाळखोर

हसून हसून पुरेवाट. विमान पडलं तरी कोलेस्टेरॉल वाढणार नाही.

सातारी_कंदी

अजून एक बाळबोध. उलटं उडवताना पेट्रोल सांडत नाही का? आणि इंजिन बंद पडत नाही का?

पुण्याची_ग्लायडरवाली

साधं इंजिन पडतंच. कार्बुरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट असतो, आपल्या संडासच्या टाकीत असतो तसा, उलटं झालं की तो भलतीकडे बसतो. म्हणून कसरतीवाल्यांना फ्युएल इंजेक्शन लागतं. टाकीच्या आत एक लवचिक नळी असते, टोकाला वजन. पेट्रोल जिकडे जाईल तिकडे ते वजनही जातं, म्हणून नळीचं तोंड कायम पेट्रोलात बुडालेलं. इंजिन ऑइलचीही वेगळी सोय करावी लागते, झडपा लावून, नाहीतर उलटं झाल्यावर सगळं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनची हवा सोडायची नळी) बाहेर येऊन विमानाचं पोट तळून निघतं.

मी फक्त हडपसरला ग्लायडर उडवायचे, तिथे इंजिनच नाही, सुखी जीव.

स्कायबोल्ट_नाना

छान समजावलंत. त्यात भर: पहिल्यांदा विमान उलटं केलं की आधी पडते ती धूळ. जमिनीवरची सगळी माती, लाकडाचा भुसा, डोळ्यांत. आणि ती फक्त धूळ असली तर नशीब. बांधताना आत पडलेला एखादा स्क्रू किंवा पाना शेपटीकडे घरंगळून एलेव्हेटरच्या (विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) दांड्यात अडकला तर खेळ खलास. म्हणून कापड चढवायच्या आधी सांगाडा गोल फिरवून, झटकून, टॉर्च मारून बघायचा. माझ्यात पाऊण इंची पाना निघाला, दीड वर्ष शोधत होतो, शेजाऱ्यावर आळ घेऊन झाला होता.

डेटनचा_भाऊ

माझ्यात मुलीच्या लेगोचा माणूस निघाला. हेल्मेट घातलेला. तिचं म्हणणं तो टेस्ट पायलट होता.

गृहमंत्री

नमस्कार. वरचे 'डेटनचा भाऊ' माझे नवरा लागतात. मैत्रिणीनं लिंक पाठवली. काही गोष्टी धाग्यात आलेल्या नाहीत त्या नोंदवते.

एक, माझी गाडी सहा हिवाळे बाहेर बर्फात उभी आहे आणि रोज सकाळी काच खरवडते ती मी. दोन, रिब्जचा गोंद थंडीत सुकत नाही म्हणून माझं इलेक्ट्रिक ब्लँकेट गॅरेजात गेलं ते गेलंच, आणि परत आलं तेव्हा त्याला इपॉक्सीचा वास. तीन, मायक्रोवेव्हमध्ये एकदा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लाकडाच्या पट्ट्या सापडल्या. "वाकवायला मऊ करतोय" हे उत्तर मिळालं. चार, सोफ्यामागची लाकडं बघून माझ्या सासूबाईंनी विचारलं की गुढीला एवढे बांबू कशाला.

हे सगळं असून मी "विका" म्हणालेले नाही. बोलायची बंदी यासाठी की गेला महिनाभर हा माणूस जेवताना तोच प्रश्न आठ वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारतो. बांधतोस तर बांध, नाहीतर विक, पण वरण गार होऊ देऊ नकोस.

टवाळखोर

वहिनी, साष्टांग नमस्कार __/\__ धाग्यातला आजवरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

निवांत_नेहा

+१००. मायक्रोवेव्ह वाचून चहा नाकात गेला.

बोरिवली_स्लो

भाऊ आता नक्की गॅरेजात झोपणार. ब्लँकेट तिथेच आहे म्हणा.

स्कायबोल्ट_नाना

आता बसतो निवांत.

भाऊ, तुम्ही दोन प्रश्न एकात बांधलेत. विमान उडवायचंय हा एक. विमान बांधायचंय हा दुसरा. नुसतं उडवायचं असेल तर आज जाऊन ते जुनं विकत घ्या, पैशाच्या हिशोबात बांधणारा नेहमी हरतो. इंजिन हेच अर्धं बजेट, त्यात उलटं उडायची सगळी सोय म्हणजे अजून. मी माझ्या स्कायबोल्टचा हिशोब तिसऱ्या वर्षी लिहायचा सोडला. वही अजून आहे, पुढची पानं कोरी.

माझं मॉडेलच मी निवडलं ते त्याच्या गोष्टीमुळे. लमार स्टीन डेन्व्हरला शाळेत शिकवायचे, त्यांनी हे डिझाइन केलं आणि पहिलं विमान शाळेतल्या पोरांकडून बांधून घेतलं, १९७० ला उडालं. मी म्हटलं सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी केलं तर आपण का नाही. उत्तर पुढे कळलं: पोरांना नोकरी नसते, ईएमआय नसतो आणि पाठ दुखत नाही.

पण एक सांगतो. आज माझ्या विमानात कुठे खुट्ट झालं तरी मला कळतं ते कशाचं. कुठला नटबोल्ट कुठल्या रविवारी आवळला ते आठवतं. आणि कागदोपत्री फायदा: ज्यानं बांधलं त्याला त्या विमानाचं रिपेअरमनचं सर्टिफिकेट मिळतं, दर वर्षीची तपासणी स्वतः करून सही करता येते. दुसऱ्यानं बांधलेलं घेतलंत तर ते सर्टिफिकेट मिळत नाही. आणि तुम्ही ज्या जाहिरातीबद्दल बोलताय, त्या विमानाच्या कापडाखाली लाकूड कसं आहे ते कुणी बघितलंय? जुन्या घरी बांधलेल्या विमानात गोंद कुठला, स्पारला बुरशी आहे का, नळ्या आतून गंजल्यात का, हे कापड फाडल्याशिवाय दिसत नाही. कुणीतरी असाच थंडीत, ब्लँकेटाशिवाय, गोंद लावलेला असू शकतो.

ओझरकर

नानांच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. दुसऱ्याचा जोड कधीही डोळे झाकून धरू नये.

पुण्याची_ग्लायडरवाली

मी उलट बाजूनं बोलते. नाना, तुम्ही पुरं केलंय म्हणून तुम्हाला ते गोड वाटतं. अर्ध्यात सोडलेले किती असतील? आणि भाऊ, तुमचं उडणं किती होतंय सध्या? गॅरेजात सहा वर्षं घालवून हात बोथट झाला आणि मग थेट पिट्समध्ये बसलात तर ती घाईची तयारी. पिट्सची कीर्ती माहितीये ना, उतरताना समोरचं काही दिसत नाही, धावपट्टी दोन्ही बाजूंच्या कडेनं अंदाजानं बघायची. चाकं जवळजवळ, शेपटी फिरायला टपलेली. उडतं विमान घ्या, आठवड्याला उडवा, आणि बांधायचा किडा असेल तर सावकाश बांधा. दोन्ही करा.

गृहमंत्री

दोन्ही???

पुण्याची_ग्लायडरवाली

सॉरी वहिनी. बोलून गेले.

अभ्यासू_बगळा

कायद्याचं विचारतो. घरी बांधलेलं विमान उडवायला परवानगी मिळते कशी? कुणीही काहीही बांधून उडवायचं?

डेटनचा_भाऊ

इथे 'एक्सपेरिमेंटल' वर्गात नोंद होते. अट अशी की अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसानं शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असावं, पैसे देऊन करून घेतलेलं नव्हे. म्हणून फोटो आणि कामाची डायरी ठेवायची. शेवटी तपासणीला माणूस येतो, कागद आणि विमान दोन्ही बघतो, मग सर्टिफिकेट. त्यानंतर सुरुवातीचे २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच एकट्यानं उडवून चाचणी. आणि ज्या कसरती पुढे करायच्यात त्या याच काळात करून डायरीत लिहायच्या. लूप (हवेतली उभी गोल कोलांटी) लिहिला नाही तर लूप नाही.

गंमत म्हणजे हौशी माणूस एकच असावा असं नाही. माझ्या डायरीत आईचे पण तास आहेत.

कांदेपोहे

आईचे??? सविस्तर येऊ द्या.

डेटनचा_भाऊ

आई दोन वर्षांपूर्वी सहा महिने आली होती. सांगलीची, गोधड्या शिवण्यात हात धरणारं गल्लीत कुणी नाही. तेव्हा मी शेपटीच्या रडरवर (सुकाणूवर) कापड चढवत होतो, सरावासाठी. पॉलिएस्टरचं कापड असतं, कडेला चिकटवायचं आणि मग कपड्याच्या इस्त्रीनं तापवून आकसवायचं. आधी २५० डिग्री फॅरनहाइट, मग वाढवत ३५०, त्याच्या पुढे गेलात तर कापड उलट सैल पडतं. इस्त्रीच्या चकतीवर विश्वास ठेवायचा नाही, थर्मामीटर लावून खुणा करायच्या. ढोलकीसारखं वाजायला लागलं की झालं.

मग टाके. पंखावर कापड नुसतं चिकटवून भागत नाही, पंखाच्या वरच्या बाजूला हवा कापड वर ओढते, म्हणून प्रत्येक रिबला मेणाच्या दोऱ्यानं शिवून टाकायचं, वीतभर लांब सुईनं, पंखाच्या आरपार, दोन-अडीच इंचांवर एक गाठ. आई सरावाचा तुकडा बघत होती. मी चार गाठी मारल्या, त्यातल्या दोन सुटल्या. ती म्हणाली "दे इकडं". मी गाठीची आकृती दाखवली तर म्हणे हे तर सोपंय, उगाच चित्र काढलंय. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, सुई आरपार द्यायची आणि परत घ्यायची. दुपारभर शिवत होतो. तेव्हा तिनं अण्णांच्या गोष्टी सांगितल्या, ते एसटीच्या वर्कशॉपला होते, त्यातल्या निम्म्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. आजोबा काउन्सेलर पुढच्या वेळी आले, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं हे कुणी शिवलं. मी सांगितलं. म्हणाले पंख पण तिच्याकडूनच करून घे.

निवांत_नेहा

यावर काय लिहू. खूप छान.

ओझरकर

माताजींना नमस्कार सांगा.

बोरिवली_स्लो

आणि हे सगळं विकायला निघालात होय?

टवाळखोर

मी माझं वरचं "विका" मागे घेतो. संपादकांनी उडवलं तरी चालेल.

अभ्यासू_बगळा

अवांतर: डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. तेही सायकलच्या दुकानातच बांधत होते, १९०३ चं ते विमान म्हणजे बायप्लेन, स्प्रूसचं लाकूड, वायरींचा ताण आणि शिवलेलं मलमल. भाऊ, तुमचा पत्ता बरोबर आहे.

पुण्याची_ग्लायडरवाली

बगळेराव, या वेळी सगळं बरोबर. :)

सातारी_कंदी

धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले, भाऊ गायब. काय ठरलं? की गॅरेजातच?

डेटनचा_भाऊ

आहे आहे. सांगतो.

ग्लायडरवाल्या ताईंचं बोलणं लागलं, खरंच उडणं कमी झालं होतं. म्हणून अडीच तासांवरच्या एका विमानतळावर दोन सीटच्या पिट्समध्ये इन्स्ट्रक्टरबरोबर एक तास घेतला. पहिला रोल (कुशीवरून पूर्ण गिरकी): मी कंट्रोलची काडी हलवली असं वाटलं नाही, नुसता विचार केला आणि जमीन डोक्यावर. दुसरा रोल: ओरडलो. तिसरा रोल आणि मग लूप: सकाळचे पोहे परत भेटले. पिशवी बरोबर होती. उतरताना खरंच समोर काही नाही, नुसतं इंजिनाचं नाक, आणि ते इतकं झपकन जमिनीला टेकतं की मी श्वास धरलेला तो विमान जमिनीवर सावकाश चालवत नेताना सोडला. इन्स्ट्रक्टर म्हणाली असे अजून दहा तास करा, मग तुमच्या विमानाचं बोलू.

परत येताना त्या विकाऊ विमानाच्या मालकाला फोन केला. म्हटलं खालच्या पंखाचं कापड एका जागी उघडून बघू देता का, पॅच मी लावून देतो. साफ नाही म्हणाला. मग नाना तुमचा परिच्छेद आठवला.

तर विकत घेत नाहीये. विकतही नाहीये. इंजिनचे पैसे दोन वर्षं बाजूला पडत राहतील, तोपर्यंत पंख. महिन्याला दोनदा उडायचं, हे वहिनींच्या, म्हणजे आमच्या हिच्या, लेखी परवानगीनं. त्या बदल्यात गॅरेजचा अर्धा भाग तिच्या गाडीला. मोजून बघितलं, पंख सुटे भिंतीला टांगले आणि सांगाडा तिरका ठेवला तर गाडीला जागा होते, फक्त ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडत नाही.

गृहमंत्री

सनरूफमधून उतरेन. पण काच खरवडणार नाही.

स्कायबोल्ट_नाना

वा. स्पार कापायच्या आधी एक करा, त्याच लाकडाचे तुकडे त्याच गोंदानं जोडून दुसऱ्या दिवशी हातोडीनं फोडा. लाकूड फाटलं पाहिजे, जोड सुटता कामा नये. कालवलेल्या गोंदाच्या प्रत्येक घोळाचा एक तुकडा, तारीख घालून ठेवा.

डेटनचा_भाऊ

करतो नाना, बुटाच्या खोक्यात रिब्जच्या वेळचे साठ तुकडे आहेत. एक विचारायचं राहिलं. आई डिसेंबरात येतेय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता तिला सुईत दोरा पहिल्यापेक्षा बरा दिसतो म्हणते. पण ती सांगते की पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा डोळ्याला त्रास देतो, रंगीत चालेल का. मेणाचा पॉलिएस्टरचा दोरा रंगीत मिळतो का कुठे?

ओझरकर

दोरा बदलू नका. मंजूर झालेला तोच वापरा. कापडाखाली निळा दिवा ठेवा, दोरा उठून दिसेल.

डेटनचा_भाऊ

हे कसं सुचलं नाही. काका, थँक्यू. दिवा आजच आणतो.